ऑपरेटरबाईंची यादी

आमच्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात ऑपरेटरबाई आल्या तेव्हा त्यांचं वय बेचाळीस होतं. त्याआधीची एकवीस वर्षं त्यांनी त्याच इमारतीत, जिन्याखालच्या खोलीत, टेलिफोन एक्स्चेंजवर काढली होती. पुढे सोळा वर्षं त्या आमच्याकडे प्रोग्रॅम लिहीत होत्या, तरी शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना शेवटपर्यंत ऑपरेटरबाईच म्हणत राहिले.

सातव्या वर्षी तापात त्यांचे डोळे गेले होते. त्याबद्दल त्या फारसं बोलायच्या नाहीत. एकदा मीच विचारलं तेव्हा म्हणाल्या, "रंग आठवतात मला. पिवळा जरा जास्तच." बस्स, एवढंच.

एक्स्चेंजवर त्यांना साडेतीनशे नंबर तोंडपाठ होते. कोणत्या वॉर्डात कोण कधी ड्यूटीवर असतं, कोणते डॉक्टर फोन उचलतात आणि कोणते वाजू देतात, सगळं त्यांच्या डोक्यात. मग नवं यंत्र आलं आणि फोन आपोआप लागायला लागले. बाईंना दोन पर्याय दिले गेले: चौकशीच्या खिडकीत बसा, नाहीतर अकरा महिन्यांचं प्रोग्रॅमिंगचं प्रशिक्षण घ्या. त्या खिडकीच घेणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

"खिडकीत बसून मी बघणार काय?" असं म्हणून बाईंनी प्रशिक्षणाच्या फॉर्मवर अंगठा नव्हे, झोकदार सही ठोकली.

त्यांचं टेबल माझ्या शेजारी लागलं. मी तेव्हा नुकती तिशी ओलांडली होती, आठ वर्षं काम केलं होतं आणि आपल्याला सगळं येतं अशा भ्रमात होते. आमच्या साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांना स्क्रीनवरचं काही अडलं तर वाचून दाखवत जा." मी मान डोलावली, पण मनात म्हटलं, आता हे आणखी एक लोढणं गळ्यात.

तसं त्यांना फार अडायचं नाही. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा आवाज होता. एका कानात इअरफोन आणि दुसरा कान आमच्या गप्पांसाठी मोकळा. तो आवाज त्यांनी इतका भरधाव ठेवलेला असायचा की आम्हाला मिक्सर फिरल्यासारखा ऐकू यायचा. त्यांना त्यातला शब्दन् शब्द कळायचा.

अडायचं ते एकाच ठिकाणी. ते सांगायचं तर आमच्या धंद्यातलं थोडं सांगायला हवं.

हॉस्पिटलच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक गोष्टीची एक वस्तू असते. आम्ही तिला ऑब्जेक्ट म्हणतो. रुग्ण हे एक ऑब्जेक्ट. त्याचं नाव, वय, रक्तगट या त्याच्या प्रॉपर्टी. नाव किंवा वय सरळ वाचता येतं. पण 'अहवाल' ही प्रॉपर्टी उघडली की तिच्या पोटात आणखी एक ऑब्जेक्ट निघतं. त्याच्या पोटात तपासण्या, तपासणीच्या पोटात आकडा, एकक, शेरा, शेरा लिहिणारी व्यक्ती, त्या व्यक्तीच्या पोटात तिचा विभाग. असं खोल खोल. चालू प्रोग्रॅम मध्येच थांबवून हे सगळं बघण्यासाठी एक खिडकी असते. तिथे प्रत्येक प्रॉपर्टीपुढे बारीक अधिकचं चिन्ह असतं. त्यावर माउसनं टिचकी मारली की आतलं उघडतं. ती खिडकी बाईंचा आवाज वाचू शकायचा नाही. तिथे तो मुका व्हायचा.

मग मी वाचायचे.

"अहवाल उघड. काय आहे?"

"तपासण्या, तारीख, पाठवणारा."

"तपासण्या उघड. पहिली उघड. आता?"

दिवसातून तीन-चार वेळा हे चालायचं. दुसऱ्याच महिन्यात मला त्याचा वीट आला. एका दुपारी माझं स्वतःचं काम अडलं होतं आणि बाई म्हणाल्या, "त्यातला 'शेरा' उघड ना." मी न उघडताच म्हटलं, "त्यात काही नाही."

त्यात होतं. त्या एका न तपासलेल्या जागेपायी बाईंनी दीड दिवस भलतीकडेच चूक शोधली. शेवटी त्यांना ती सापडली. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "परवा 'काही नाही' म्हणताना तुझा आवाज जरा वर गेला होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. "चुकलं माझं, बाई."

"अगं, रोज रोज तेच वाचायचं म्हटल्यावर कुणालाही कंटाळा येणार. तुझ्या जागी मी असते तर आठव्या दिवशी सबब काढली असती." मग म्हणाल्या, "कंटाळा न येणारं कुणीतरी शोधायला हवं."

पुढचे चार दिवस त्यांनी मला काहीच वाचायला सांगितलं नाही. डबासुद्धा टेबलावरच खाल्ला. पाचव्या दिवशी खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाल्या, "ऐक. एक्स्चेंजवर असताना नवा विभाग उघडला की त्यांची यादी मला कधीच वेळेवर मिळायची नाही. मग मी काय करायचे? त्यांनाच फोन लावून विचारायचे, तुमच्याकडे कोण कोण आहे? ते सांगायचे, एक डॉक्टर, दोन सिस्टर, एक ऑफिस. ऑफिस म्हटलं की मी तिथे फोन लावून पुन्हा तेच विचारायचे, तुमच्याकडे कोण कोण आहे? जिथे एकटाच माणूस निघाला तिथे थांबायचं आणि मागे यायचं. तसंच केलंय मी."

त्यांनी जे केलं होतं त्याला आमच्यात नावं आहेत. चालू प्रोग्रॅममधल्या ऑब्जेक्टलाच 'तुझ्यात कोणकोणत्या प्रॉपर्टी आहेत' असं विचारता येतं, ते रिफ्लेक्शन. आणि उत्तरात पुन्हा ऑब्जेक्ट निघालं की त्याच कामानं स्वतःलाच पुन्हा बोलावून तोच प्रश्न त्यालाही विचारायचा, ते रिकर्शन. दोन्ही मला माहीत होती. परीक्षेत दोन्हींवर मी भरभरून उत्तरं लिहिली होती. आठ वर्षांत दोघांना एकत्र कामाला लावायचं मात्र कधी सुचलं नव्हतं, कारण माझ्या हातात माउस होता.

बाईंचा प्रोग्रॅम झाडासारख्या फांद्या काढत नव्हता. तो प्रत्येक गोष्ट एका ओळीत, तिच्या पूर्ण पत्त्यासकट लिहायचा. प्रोग्रॅममधली नावं मी इथे मराठीत करून सांगते: "रुग्ण डॉट अहवाल डॉट तपासण्या एक डॉट शेरा: नमुना पुन्हा घ्या." कुठलीही ओळ कुठूनही ऐका, आपण कुठे आहोत ते कळायचं.

पहिल्यांदा तो आम्हा सगळ्यांसमोर चालवला तेव्हा बाईंनी इअरफोन काढून आवाज मोठा केला, वेग आमच्यासाठी कमी केला. त्यांनी प्रसूती विभागातली एक नोंद घेतली होती. आवाज सुरू झाला. नाव, वय, पत्ता. मग, "रुग्ण डॉट बाळ डॉट आई डॉट बाळ डॉट आई डॉट बाळ डॉट आई डॉट बाळ..."

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसायला लागलो. साहेबांनीही चष्मा काढून डोळे पुसले. आवाज आपला गंभीरपणे आई-बाळ, आई-बाळ करत होता आणि अखेर कॉम्प्युटरनं हात टेकले. प्रोग्रॅम बंद पडला.

बाई मात्र खुशीत होत्या. "ऐकलंत ना? गोल फिरतोय. आईच्या आत बाळ आहे आणि बाळाच्या आत आईचा उल्लेख आहे. याला सांगायला हवं की, बाबा रे, यांना तू आधी भेटला आहेस."

असा फेरा मी पूर्वी एकदा स्क्रीनवर शोधला होता तेव्हा चाळीस हजार ओळी खाली-वर करण्यात माझी अख्खी सकाळ गेली होती. बाईंना तो चार सेकंदांत ऐकू आला होता.

त्यांनी उपाय केला. जे ऑब्जेक्ट भेटेल त्याची नोंद ठेवायची, आणि ते पुन्हा समोर आलं तर आत न शिरता "भेटून झालंय" एवढंच लिहून पुढे जायचं. तारखांनाही त्यांनी सूट दिली. कारण तारीख हेही एक ऑब्जेक्टच, आणि आत काय आहे असं विचारलं की ती पोटातून आणखी एक तारीख काढून दाखवायची. "तारखेला काही विचारायचं नाही," बाई म्हणाल्या, "ती दिसेल तशी लिहून घ्यायची."

त्याच सुमारास त्यांच्या घरी एक गंमत झाली. त्यांचे यजमान शिवणयंत्रं दुरुस्त करायचे. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान होतं आणि सासूबाई दिवसभर तिथे खुर्ची टाकून बसायच्या. एका रविवारी बाई मला फोनवर सांगत होत्या, "सगळ्या प्रॉपर्टीची यादी झाली बघ. आतली, बाहेरची, एकही सुटली नाही. उद्या साहेबांना दाखवते." सासूबाईंनी ते ऐकलं. दिवसभर त्या मूग गिळून गप्प. संध्याकाळी मुलाला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "अरे, सूनबाईंना वेगळं व्हायचंय का? सरळ सांगा मला. यादीबिदी कशाला?" यजमान हसून हसून खाली बसले. पुढे कित्येक वर्षं त्या घरात बाईंच्या कामाचा विषय निघाला की सासूबाई विचारायच्या, "मग, आज कुणाच्या इस्टेटीवर डोळा?" आणि बाई म्हणायच्या, "डोळा कुठला, आई. कान."

सगळंच काही हसण्यावारी गेलं नाही. महिनाभरानं एक घोळ झाला. बाहेरच्या रुग्णांसाठी खिडकीवर टोकन देतात, त्या प्रोग्रॅमची यादी बाई काढत होत्या. त्यात 'पुढचा क्रमांक' नावाची एक प्रॉपर्टी होती. ती कुणी वाचली की पुढचा क्रमांक सांगायची आणि तेवढ्यात तो क्रमांक दिला गेला असं समजून आणखी पुढे सरकायची. बाईंनी यादी सतरा वेळा चालवली. सरावाचा कॉम्प्युटर खऱ्या खिडकीला जोडलेला आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. खाली रांगेतल्या लोकांच्या डोळ्यांदेखत बोर्डावर एक्केचाळीसनंतर एकदम एकोणसाठ आला.

मधले सतरा लोक कुठे गेले म्हणून आरडाओरडा झाला. कुणाला वाटलं वशिल्यानं कुणीतरी आत घुसलं. खिडकीतले कारकून घामाघूम.

बाईंना कळलं तशा त्या उठल्या, काठी घेतली आणि जिना उतरून खाली गेल्या. मी मागोमाग गेले. त्या थेट रांगेसमोर उभ्या राहिल्या आणि टेलिफोनवरच्या त्या स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "कुणीही मध्ये घुसलेलं नाही. माझ्या कामात चूक झाली आणि सतरा आकडे वाया गेले. एकोणसाठ नंबरवाल्यांनी बेचाळीस समजून आत जावं. तुम्हाला त्रास झाला, माफ करा." रांग शांत झाली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "आवाज ओळखीचा वाटतो हो. तुम्ही पूर्वी फोनवर होतात का?"

वर साहेब वाटच बघत होते. "बाई, आता पुरे. ही यादी बंद."

"चूक माझी आहे, यादीची नाही," बाई म्हणाल्या. "विचारलं की नुसतं उत्तर न देता काहीतरी करून बसतात अशा प्रॉपर्टी किती आहेत, ते मी आधी हुडकून काढते. त्यांच्या वाटेला यादी जाणार नाही. आणि फक्त वेगळ्या, न जोडलेल्या कॉम्प्युटरवर चालवीन. मग तर झालं?"

साहेबांनी महिनाभर वेळ घेतला. मग हो म्हणाले, पण नाखुशीनंच. अशा करामती प्रॉपर्टी एकंदर अकरा निघाल्या. त्यातल्या तीन मी लिहिलेल्या होत्या.

आता प्रसूती विभागाची गोष्ट.

त्या विभागाच्या मोठ्या सिस्टर कडक म्हणून प्रसिद्ध होत्या. गेले काही महिने त्यांची एकच तक्रार होती: नवजात बाळांचे रक्ताचे अहवाल कधीकधी वॉर्डात पोचतच नाहीत. लॅब म्हणायची, आम्ही पाठवले. आमचा विभाग म्हणायचा, आमच्याकडे सगळं ठीक आहे. सिस्टर म्हणायच्या, मग माझ्या हातात कागद का नाही? मी स्वतः दोनदा तपासलं होतं आणि दोनदा काखा वर केल्या होत्या. आमच्याकडे नाक मुरडून बोललं जायचं की सिस्टर कागद हरवतात आणि आमच्यावर ढकलतात.

एका मंगळवारी सिस्टरांचा फोन आला तो बाईंनी उचलला. ठेवल्यावर म्हणाल्या, "या बाई उगाच फोन करत नाहीत. एकवीस वर्षं मी त्यांचे फोन जोडलेत. एकदाही त्यांनी चुकीचा नंबर मागितलेला नाही."

त्यांनी त्या सकाळच्या सगळ्या नोंदींची प्रत वेगळ्या कॉम्प्युटरवर घेतली आणि अख्ख्या प्रसूती वॉर्डाची यादी काढली. वॉर्ड, त्यातल्या खाटा, खाटांवरच्या आया, त्यांची बाळं, बाळांचे अहवाल. साडेसहा हजार ओळी. इअरफोन घालून त्या ऐकत बसल्या. पाऊण तासानं त्यांनी सिस्टरांना फोन लावला.

"सिस्टर, आत्ता तुमच्याकडे बाळं किती?"

"सात."

"माझ्याकडे सहाच येतायत."

"सात आहेत. माझ्यासमोर आहेत. चौथ्या खाटेला जुळ्या मुली आहेत."

बाईंनी फोन ठेवला आणि ती जागा पुन्हा ऐकली. पहिल्या मुलीचं सगळं यथासांग होतं. दुसरीपाशी यादी म्हणत होती, "भेटून झालंय."

ती ओळ त्यांनी आणखी एकदा लावली. मग मला म्हणाल्या, "माझं चुकलंय. मी भेटलेल्यांची नोंद ठेवते ना, त्यात नवं आलेलं ऑब्जेक्ट जुन्यासारखंच आहे का, हे मी त्या ऑब्जेक्टलाच विचारते. बाळाच्या बाबतीत 'सारखं' म्हणजे काय ते कुणीतरी लिहून ठेवलंय. बघ बरं काय लिहिलंय."

मला बघायची गरज नव्हती. त्या सहा ओळी माझ्याच होत्या. पाच वर्षांपूर्वी नोंदणीवाले एकाच बाळाची दोनदा नोंद करायचे, म्हणून मी लिहिलं होतं: आईचं नाव एक, जन्मतारीख एक आणि मुलगा की मुलगी तेही एक असेल, तर बाळ एकच समजावं. बाळाला तेव्हा नावही ठेवलेलं नसतं. जुळी माझ्या डोक्यातच आली नव्हती.

"बाई," मी म्हटलं, "तुमची यादी फसली. पण ज्या व्याख्येनं फसली ती सगळ्या प्रोग्रॅमभर वापरलेली आहे."

"लॅबकडून अहवाल पाठवतानाही?"

मी उघडून बघितलं. तिथेही तीच. तोच कागद दोनदा जाऊ नये म्हणून काही महिन्यांपूर्वीच पाठवण्याआधी सारखे अहवाल गाळायला सुरुवात झाली होती. सारखे म्हणजे सारख्या बाळाचे. दोन्ही मुलींचे अहवाल लॅबमधून निघत होते आणि दुसरीचा वाटेतच गळत होता. कुठेही चूक दाखवली जात नव्हती, कारण प्रोग्रॅमच्या मते दुसरी मुलगी नव्हतीच.

"त्या मुलीच्या अहवालात काय आहे?" बाईंनी विचारलं.

लॅबमधून आकडा घेतला. काविळीचा आकडा वाढलेला होता. बाईंनी वॉर्डाला फोन लावला.

पलीकडून सिस्टर म्हणाल्या, "माहीत आहे. सकाळी कागद आला नाही म्हणून मी लॅबला फोन करून विचारून घेतला. मुलगी दहा वाजल्यापासून निळ्या दिव्याखाली आहे. मी दर वेळी विचारूनच घेते. तुमच्या कागदावर मी विसंबत असते तर झालं असतं कल्याण."

आमचा जीव भांड्यात पडला. सिस्टरांच्या एकटीच्या शिस्तीमुळे इतके महिने कुणाला काही झालं नव्हतं, आणि आम्ही त्यांनाच नावं ठेवत होतो.

जुन्या तक्रारी काढून बघितल्या. एकंदर नऊ होत्या. आठ वेळा जुळी होती, आणि आठही वेळा दोन्ही मुली किंवा दोन्ही मुलगे. एक मुलगा एक मुलगी असेल तिथे सगळं सुरळीत. नववी तक्रार मात्र खरोखरच प्रिंटरमध्ये अडकलेल्या कागदाची निघाली.

दुरुस्ती सोपी होती. प्रत्येक बाळाला जन्मताच हॉस्पिटलचा स्वतंत्र क्रमांक मिळतो, तो बघून ठरवायचं. आणि बाईंनी आपल्या यादीतही बदल केला. "सारखं असणं वेगळं आणि तेच असणं वेगळं," त्या म्हणाल्या. "मी आता फक्त एवढंच बघते, हे तेच ऑब्जेक्ट आहे का, कॉम्प्युटरच्या मेमरीतल्या जागेसकट? दिसण्यावर जायचं नाही." एवढं बोलून त्यांना स्वतःलाच हसू आलं. "आणि हे मी सांगायचं!"

साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. "ती व्याख्या लिहिली कुणी?" मी तोंड उघडण्याआधीच बाई म्हणाल्या, "विभागानं लिहिली, साहेब. पाच वर्षं सगळ्यांनी वापरली." तेव्हा मला गप्प बसणं अशक्य झालं. "मी लिहिली," मी म्हटलं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, आणि म्हणाले, "बरं. मग दुरुस्तही तूच कर. आणि ऑपरेटरबाई, तुमची ती यादी उद्यापासून सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर टाका."

त्या आठवड्यात मोठ्या सिस्टर आमच्या मजल्यावर आल्या. इतकी वर्षं दोघी फोनवर बोलत होत्या, पण समोरासमोर कधी आल्या नव्हत्या. सिस्टर दारातून म्हणाल्या, "ऑपरेटर कोण इथे?" बाई उभ्या राहिल्या. सिस्टरांनी जवळ येऊन त्यांचे दोन्ही हात धरले. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलतील. त्या म्हणाल्या, "मला वाटायचं तुम्ही उंच असाल." बाई म्हणाल्या, "आणि मला वाटायचं तुम्ही बारीक असाल. हातांवरून तसं दिसत नाही." मग दोघींनी माझ्या खुर्चीवर आणि त्यांच्या खुर्चीवर बसून अर्धा तास चहा घेतला. मी उभीच.

त्यानंतर यादी रोजच्या वापरातली झाली. ज्यांना उत्तम दिसत होतं त्यांनीच ती जास्त वापरली. सकाळची यादी आणि संध्याकाळची यादी शेजारी ठेवली की दिवसभरात काय बदललं ते ओळीला ओळ लावून कळायचं. अधिकच्या चिन्हांवर टिचक्या मारत बसणं आमच्याकडे कुणालाच आठवेनासं झालं. बाहेरच्या एका कंपनीची माणसं नवा प्रोग्रॅम दाखवायला आली होती, रंगीत स्क्रीन घेऊन. बाईंनी शांतपणे त्यांच्या ऑब्जेक्टवर आपली यादी चालवली आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे रुग्णाच्या ॲलर्जीची जागा दोन ठिकाणी आहे. एका ठिकाणी लिहिली तर दुसरीकडे दिसत नाही." त्या माणसांची तोंडं बघण्यासारखी झाली.

बाईंचं मला सगळ्यात जास्त काय आवडायचं ते सांगते. त्यांना कधी कशाचं कौतुक करून घ्यायचं नसायचं. कुणी म्हटलं, "डोळे नसताना केवढं केलंत," की त्या सरळ विचारायच्या, "काम कसं झालंय ते सांगा." झालेलं चांगलं नसेल तर त्याच आधी सांगायच्या.

अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. घरी बसतील अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती. आठवड्यातून तीन दिवस त्या एका लहान संस्थेत प्रोग्रॅमिंग शिकवतात. सहा मुली, त्यातल्या चौघींना दिसत नाही, दोघींना दिसतं. मी मध्यंतरी एका दुपारी तिथे गेले तेव्हा वर्गात जोरदार वाद चालला होता. एका मुलीनं बाईंच्या यादीसारखीच यादी स्वतः लिहिली होती, आणि बाईंच्या एकशे चाळीस ओळींच्या जागी तिच्या फक्त बत्तीस होत्या.

"काहीतरी सोडलं असशील," बाई म्हणत होत्या. त्यांच्या कपाळाला आठ्या होत्या. खरं सांगायचं तर त्या थोड्या दुखावल्याही होत्या.

"नाही सोडलं, बाई. ऐका तरी."

मुलीनं आवाज लावला. बाई मान खाली घालून ऐकत राहिल्या. बत्तीस ओळी संपल्या. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा एका ओळीपाशी थांबवून म्हणाल्या, "हे इथे असं का?" मुलीनं सांगितलं. बाईंनी आणखी एक शंका काढली. मुलीनं तिचंही उत्तर दिलं. कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या.

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "माझ्यापेक्षा चांगलं आहे." मग माझ्या चाहुलीच्या दिशेनं, नेमक्या माझ्याकडे तोंड करून, "तू आलीयेस ना? ऐकलंस? हिच्याकडून ही फाइल घे. माझी काढून टाक आणि ही बसव. आणि वरती हिचं नाव लिही, माझं नको."

त्या मुलीनं लाजून फाइल माझ्या पेनड्राइव्हवर घातली. सोमवारी सकाळी मी ती हॉस्पिटलमध्ये चालवून बघितली. जुन्या यादीला जिथे अकरा सेकंद लागायचे तिथे हिला चार लागले. मी बाईंना फोन करून ते सांगितलं.

"चार?" त्या म्हणाल्या, आणि पलीकडे वळून कुणाला तरी मोठ्यानं सांगितलं, "अहो, चार सेकंद!"